जावयाचं लहान आतडं

माणसाला लहान आतडं असतं आणि ते मोठ्या आतड्यापेक्षा कितीतरी लांब असतं, ही गोष्ट कल्याणला चौतिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितली नव्हती. शाळेत सांगितली असेल, पण त्या दिवशी तो गैरहजर असावा. पुढं त्या आतड्यानंच स्वतःची ओळख करून द्यायला सुरुवात केली. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासानं बेंबीच्या आसपास पीळ पडायचा, आत कुणीतरी भांडी सरकवतंय असा आवाज यायचा, आणि कल्याण ज्या शेतकऱ्यापुढं उभा असेल त्याला ‘आलोच’ म्हणून तुरीच्या आडोशाला निघून जायचा. तो जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत फील्डवर होता. कपाशीच्या वाणाचं कौतुक निम्म्यावर टाकून पळणारा माणूस पाहून काही शेतकऱ्यांनी वाणाबद्दलच शंका घेतली.

सुरुवातीला ती ॲसिडिटी होती. ॲसिडिटी हे नाव आपल्याकडं बऱ्याच आजारांना पाळण्यात ठेवायला बरं पडतं. मग एका डॉक्टरांनी आतड्याचा टीबी ठरवला. आतड्यात जखमा दिसल्या की आधी टीबी म्हणायची आपल्याकडं रीत आहे, आणि पुष्कळदा ती बरोबरही निघते. कल्याणच्या वेळी निघाली नाही. त्यानं गोळ्यांचा कोर्स इमानदारीनं पुरा केला, आणि कोर्स संपला तेव्हा विजार कमरेला सुतळीनं बांधायची वेळ आली होती.

शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टर महजबीन यांनी तोंडातून लांब दुर्बीण घालून आतड्याच्या मधल्या भागातले तुकडे काढले, तपासले, आणि नवरा-बायकोला समोर बसवलं.

“लहान आतड्याची सूज आहे, कल्याणभाऊ. मधल्या भागात, जागोजागी. ही बीमारी दुर्मीळ आहे.”

कल्याणला क्षणभर उगीच बरं वाटलं. त्यांच्या घराण्यात दुर्मीळ म्हणावं असं आजवर काही झालं नव्हतं.

“म्हणजे ठिबकची नळी चोक झाल्यासारखं?” त्यानं विचारलं.

“चोक बाहेरच्या मातीनं होते. इथं नळीच आतून सुजून राह्यली. शरीर आपल्याच आतड्याला दुश्मन समजायला लागलंय.”

“का बरं?”

“ते बराबर कुणालाच माहीत न्हाई.”

डॉक्टरनं ‘माहीत नाही’ म्हटलेलं कल्याणनं पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्याचा या बाईंवर विश्वास बसला.

आजार मुळापासून जाणार नाही, पण काबूत राहील, असं त्या म्हणाल्या. आधी सूज उतरवणाऱ्या गोळ्या, त्या हळूहळू कमी करायच्या. दुसरी गोळी शरीराचा राग शांत ठेवायला, ती लांब चालणार, आणि तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासायचं. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. जेवण थोडं थोडं आणि मऊ. साल, बी, देठ, शेंगदाणे, कच्चा कांदा, डाळीचं घट्ट काही, सगळं बंद.

“एका जागी नळी अरुंद झालीय,” त्या बोटाची गोल चिमूट करून म्हणाल्या. “तिथं काही अडकलं तर पोट फुगेल, उलट्या होतील, गॅससुद्धा सुटणार न्हाई. त्या वक्ताला घरचा इलाज बिलकुल करायचा न्हाई. पाणीसुद्धा न पाजता इकडं घेऊन यायचं. न्हाईतर कापावं लागेल. आणि लहान आतडं एकदा कापलं की परत उगवत न्हाई.”

साधनानं, म्हणजे कल्याणच्या बायकोनं, मान डोलावली. तिनं ते पाठच करून टाकलं.

घरी आल्यावर कल्याणच्या आईनं, कौसल्याबाईंनी, उपचारात स्वतःची एक भर घातली. “तुझ्या माहेरी यातलं अक्षर काढायचं न्हाई,” त्या सुनेला म्हणाल्या. “आपण आतडं म्हणलं की तुमच्या वाटूरला जाईस्तोवर त्याचा टीबी हुतो, आन् परतूरला कॅन्सर. माझ्या पोरीचं लगीन अजून राह्यलंय.” यात अतिशयोक्ती नव्हती. अंतर आणि आजार यांचं प्रमाण त्यांनी फार बारकाईनं बांधलं होतं.

तेव्हा कल्याणच्या सासरी ॲसिडिटीच चालू राहिली. त्यात गोळ्यांनी एक गंमत केली. सूज उतरवणाऱ्या त्या गोळ्यांनी आतड्याची सूज उतरली तेवढीच जणू गालांवर आणून ठेवली. हातपाय काटक्यांसारखे आणि वर तोंड मात्र भरलेल्या डेऱ्यासारखं. भेटेल तो म्हणायचा, तब्येत झकास झाली. सासरे रामराव तर चौकात सांगायचे, “आमचे जावई भरलेत आता.” ज्याचा चेहरा इतका गोल आहे त्याला काही झालं असेल, असं मानायला वाटूरमध्ये कुणी तयार झालं नसतं.

आणि अशात, दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात. कणकेत पुरण भरून उकडलेले गोळे, म्हणजे धोंडे, ताटात रचायचे, वर तुपाची धार धरायची, आणि जावई विष्णूच्या जागी आहे असं समजून त्याला वाढत राहायचं. विष्णूला पोटाचा काही त्रास असल्याचं कुठं लिहिलेलं नाही. त्यामुळं किती वाढायचं याला हद्द नाही.

“आपण जायचंच नाही,” साधना म्हणाली.

“धोंड्याला न गेलेला जावई तुझ्या गावात पाहिलाय का कधी?”

“मग सांगून टाकू.”

“आणि माझी माय?”

मग जाताना बसमध्ये दोघांनी तोड काढली. वाढायला साधनाच उभी राहील. एक धोंडा कुस्करून ताटात नुसता पसरेल, पुरण बाजूला लोटेल, आणि कल्याण वरणभात कालवून खाईल. तोड चांगली होती. तिच्यात फक्त भिवामामा धरलेले नव्हते.

भिवामामा म्हणजे साधनाचे सख्खे मामा. पंगतीत आग्रह करण्यात चार गावांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणी ताटावर हात आडवा धरला तर ते त्या हातावर जिलेबी ठेवायचे. त्यांनी वाढलेला माणूस पंगतीतून सरळ उठलेला कुणी पाहिला नव्हता. तो आधी एका कुशीवर व्हायचा.

दुपारी पाय धुणं झालं, कुंकू झालं, रांगोळी घातलेल्या ताटावर कल्याण बसला. घरात कूलरचा आवाज आणि वेलदोड्याचा वास. साधना पळी घेऊन वाकली, तेवढ्यात भिवामामांनी तिच्या हातातून ती काढून घेतली.

“तू सर. नवऱ्याला वाढताना बायकोचा हात आखडतो. बापू, सावरून बसा.”

बघता बघता ताटात धोंड्यांचा ढीग झाला. बाजूला भजी, कुरडई, कांद्याची कोशिंबीर, येळवण्याची आमटी. कल्याणला वाटलं, डॉक्टरबाईंनी जे जे बंद म्हणून सांगितलं होतं ते कुणीतरी ऐकून घेऊन ताटात मांडलंय.

त्यानं वरणभाताचे दोन घास खाल्ले आणि ताटापुढं हात जोडले. “बस झालं मामा. ॲसिडिटी आहे जरा.”

“ॲसिडिटीवर तूपच लागतं,” भिवामामा म्हणाले आणि तूप घातलं.

“खरंच नको.”

भिवामामांचा हात हवेत थांबला. त्यांनी रामरावांकडं पाहिलं. रामराव आत गेले, मागून मामा गेले, आणि दाराआड कुजबुज सुरू झाली. भिवामामांची कुजबुज बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू जायची.

“रुसलेत.”

“कशावर रुसतील? आल्याबराबर चांगले बोलून राह्यलेत की.”

“ताटावर बसून हात आखडता घेतला म्हंजी काय असतंय, दाजी? मागल्या धोंड्याला अंगठी देऊ म्हणलं हुतं. दिलती का तुम्ही?”

“राहूनच गेलती,” रामराव म्हणाले.

कल्याणच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “अण्णा,” त्यानं बसल्या जागेवरून सासऱ्यांना हाक दिली, “मला काही नको हो. बिलकुल काही नको.”

आता रुसलेला जावई नेमकं हेच वाक्य बोलतो. मला अंगठी पाहिजे, असं ताटावरून स्वच्छ म्हणणारा जावई वाटूरला अजून व्हायचा होता. आजवरचे सगळे ‘मला काही नको’ म्हणूनच घेत आले होते. आतल्यांचा संशय फिटला.

द्वारकाबाई, कल्याणच्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पहाटेपासून चुलीपुढं होत्या. पुरण त्यांनी पाट्यावर वाटलं होतं, कारण मिक्सरचं पुरण जावयाला चालत नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनी डाव्या कानातलं फूल काढलं, मग उजव्या, आणि पुढं येऊन दोन्ही फुलं ताटाशेजारी रांगोळीच्या आत ठेवली.

“मंठ्याचा सोनार वळखीचा हाय,” त्या म्हणाल्या. “आठ दिसांत अंगठी करून देतो. आज ताटावरून उपाशी उठू नका, बापू.”

“माय, अगं यांना—” साधना पुढं झाली.

कल्याणनं तिच्याकडं पाहिलं. तिनं बोलायचं थांबवलं, आणि ते थांबवणं तिला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

त्या क्षणी कल्याणपुढं दोन गोष्टी होत्या. आजाराचं सांगितलं तर आता कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. अंगठीसाठी रुसला आणि सासूनं कानातलं काढल्यावर लाजून आजाराचं निमित्त केलं, असंच म्हटलं गेलं असतं. दुसरी गोष्ट खायची होती. सासूच्या कानाची उघडी भोकं त्याला दिसत होती. मागाहून डॉक्टरबाईंनी विचारलं, माहीत असून का खाल्लं, तेव्हा हे भोकांचं त्याला नीट सांगता आलं नाही.

“मामी, ही फुलं आधी कानात घाला,” तो सासूबाईंना म्हणाला. “मी खातो.”

त्यानं खाल्लं. धोंडे खाल्ले, भजी खाल्ली. गोड लागलं, हे विशेष. कैक महिन्यांनी जिभेला पुरण लागलं होतं आणि जिभेला आतड्याशी काही देणंघेणं नसतं. भिवामामा प्रत्येक धोंड्याला रामरावांकडं बघून मान हलवत होते. “निघाला का न्हाई रुसवा?”

ऊन उतरायच्या आत पोटात पीळ आला. हा नेहमीचा नव्हता. लाटेसारखा यायचा, वर चढायचा, माणसाला दुमडून टाकायचा आणि थोडा ओसरून परत यायचा. मग उलटी झाली. मग हिरवट पाण्याची. पोट पखालीसारखं तट्ट झालं आणि शर्टाच्या खालच्या गुंड्या कल्याणनं स्वतःच काढल्या.

“नजर,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चौकात सांगत फिरायले, जावई भरलेत म्हणून.” रामरावांनी मान खाली घातली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. त्या चुलीत तडतडल्या, पण पोट उतरलं नाही.

“वाटी सरकलीय,” भिवामामांनी निदान बदललं, आणि कांताबाईंना बोलावणं गेलं. गावातल्या सरकलेल्या बेंब्या जागेवर आणायचं काम कांताबाई करत. हाताला गुण होता, पैसा घेत नसत, आणि पोटावर अंगठा रोवला की गडी माणूससुद्धा मान्य करायचा की बेंबी जागेवर आली. त्यांनी तेल कोमट करायला सांगितलं. तोवर भिवामामा कपभर चहात एरंडेल ढवळत होते. साधना मागच्या अंगणात भांड्यांशी होती. जावयाची पंगत उठल्याशिवाय बायका जेवत नाहीत आणि जेवल्यावर भांडी त्यांचीच असतात, म्हणून तिला आत काय चाललंय ते कळायला उशीर झाला.

कल्याण भिंतीकडं तोंड करून पडला होता. डॉक्टरबाईंची चिमूट त्याला डोळ्यांपुढं दिसत होती. नको म्हणायला हवं, हे कळत होतं. पण दुपारपासून त्याच्या ‘नको’चं काय झालं होतं ते त्यानं पाहिलं होतं. कांताबाईंचा तेलाचा हात पोटावर आला आणि तो ओरडला.

साधना राखेनं भरलेल्या हातांनी आत आली. तिनं कांताबाईंचं मनगट धरलं.

“हात काढा, मावशी.”

“अगं दोन मिंटात—”

“काढा म्हणते ना. मामा, तो कप ठेवा खाली. यांना लहान आतड्याची बीमारी आहे. दोन वर्षं झाली. आत एका जागी आतडं अरुंद झालंय आणि तिथं आता अडकलंय. चोळलं तर फाटंल, एरंडेल दिलं तर फुटंल. पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. अण्णा, गाडी बोलवा.”

एका दमात पाठ म्हणावं तसं ती बोलली.

“टीबी का?” भिवामामांनी विचारलं.

“नाही.”

“मंग कॅन्स—”

“नाही म्हणाले ना मामा. अंगठी पण नको होती, आणि कॅन्सर पण नाही. आधी गाडी.”

रामराव चपला न घालताच फाट्याकडं निघाले. द्वारकाबाई लेकीकडं बघत होत्या.

“तुला ठावं हुतं?”

“होतं.”

“आन् तू मला पुरण वाटू दिलंस.”

साधनानं हात धुतले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला.

जालन्यात सलाइन लागलं, नाकातून पोटात नळी गेली, आणि तशाच अवस्थेत ॲम्ब्युलन्सनं कल्याण संभाजीनगरला पोचला. नळीतून धोंड्यांचं जे काही उरलं होतं ते बाटलीत उतरत होतं. डॉक्टर महजबीन रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी पोटावर नुसती बोटं टेकवली, फोटो पाहिला, आणि म्हणाल्या, “थोडं थांबून बघू. शिरेतून औषध देऊन सूज उतरली तर वाट मोकळी होईल. न्हाई उतरली, ताप चढला, पोट आणखी कडक झालं, तर कापायचं. तोंडानं काही न्हाई.”

“आम्हाला कसं कळणार, मोकळं झालं ते?” रामरावांनी विचारलं.

“गॅस सुटला की.”

रामराव हे शब्दांच्या बाबतीत फार सोवळे गृहस्थ होते. जावयासमोर त्यांनी कधी ढेकरही दिला नव्हता. पण त्या दिवसापासून ते दर थोड्या वेळानं खाटेजवळ यायचे, छताकडं बघायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, “काही... वारं?”

“न्हाई अण्णा.”

“हरकत न्हाई. जल्दी न्हाई.” मग बाहेर जाऊन बाकावरच्या सगळ्यांना मान हलवून ‘नाही’ कळवायचे. भिवामामा तिकडं बसलेले असायचे. त्यांनी तुपाच्या डेअरीवर संशय घेतला होता, मग डाळीवर, आणि शेवटी कुणावरच घेता येईना तेव्हा ते गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं पाहून येणाऱ्याजाणाऱ्याला आजार किती मोठा आहे ते कळायचं. कौसल्याबाईही आल्या होत्या, आणि विहिणीपासून दोन माणसं सोडून बसल्या होत्या. वाटूरहून फोन यायला लागले होते. पहिल्या फोनला रामराव ‘ॲसिडिटी’ म्हणाले. दुसऱ्याला थोडं थांबले. पुढं मात्र ज्याला त्याला सावकाश सांगू लागले, “लहान आतड्याची सूज. न्हाई, टीबी न्हाई. न्हाई, दुसऱ्याला लागत न्हाई. औषध चालू ठेवावं लागतंय.” कौसल्याबाई ते ऐकून पदर तोंडाला लावायच्या, पण त्यांनी अडवलं नाही.

कल्याणला मात्र हे सगळं लांबून ऐकू यायचं. पोटाच्या लाटा आणि त्यांच्या मधली भीती एवढंच त्याच्या वाट्याला होतं. भीती फार साधी होती: आपल्यातला काही भाग कापून एका तसराळ्यात ठेवतील आणि तो परत उगवणार नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या पोटात गुरगुरलं, आणि जे व्हायचं ते झालं. रामराव खुर्चीवर डुलकी घेत होते. ते ताडकन उठले, त्यांनी कल्याणच्या पायाला हात लावला, आणि ते बाहेर गेले. बाकावरून भिवामामांचा मोठ्यानं रडण्याचा आवाज आला.

डॉक्टरबाई सकाळी आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आनंदाला आवर घातला. “सूज उतरली. पण जखम भरून भरून जिथं आतडं आकसलंय, ते औषधानं सुटत न्हाई. काही हप्त्यांनी परत फोटो काढू. तोवर नवं इंजेक्शन सुरू करायचं का ते बघू. ऑपरेशन टळलं असं मी म्हणणार न्हाई. पुढं गेलं, एवढंच.”

“किती पुढं?” साधनानं विचारलं.

“ते यांच्या ताटावर आहे. काही माझ्या हातात, काही कुणाच्याच न्हाई.”

नाकातली नळी निघाली. दुसऱ्या दिवशी तोंडानं द्यायला परवानगी मिळाली: तांदळाची गाळलेली पेज, तीन-चार चमचे, आणि मग थांबायचं. पेज द्वारकाबाईंनी कुणाच्या तरी नातेवाइकाच्या घरून करून आणली होती. त्या खाटेजवळ बसल्या. पेजेत मीठसुद्धा जेमतेम होतं, आणि कल्याणला धोंड्यांपेक्षा ती गोड लागली. चौथ्या चमच्यानंतर त्यांनी वाटीवर झाकण ठेवलं.

“अजून एक द्या, मामी,” कल्याण म्हणाला.

“न्हाई.”

“एकच.”

“न्हाई म्हणलं ना. बाईनं सांगितलंय.” जन्मात पहिल्यांदा त्या जावयाला नाही म्हणाल्या होत्या, आणि ते त्यांना इतकं जड गेलं की वाटी पदराआड घेऊन त्या उठूनच गेल्या.

दार अर्धं उघडं होतं. कल्याणला खाटेवरून बाक दिसत होता. द्वारकाबाई बाकाच्या टोकाला बसल्या, इकडंतिकडं पाहिलं, झाकण काढलं, आणि उरलेली पेज चमच्यानं खरवडून खाऊ लागल्या. धोंड्याच्या दिवशी जावई उठल्यावर त्या जेवायला बसायच्या होत्या. त्यानंतर त्या कधी जेवल्या, हे त्यांना कुणी विचारल्याचं कल्याणला आठवेना.

“साधना,” त्यानं हाक मारली, “मामींना काहीतरी खायला आण.”

“विचारलं मी. नको म्हणतेय.”

“तरी आण,” कल्याण म्हणाला.